शाळेला पडवी हवी

महाराष्ट्रात कोठेही जा, गावात शिरताच दोन इमारती कोणाला न विचारता ओळखू येतात. एक देऊळ आणि दुसरी शाळा. त्यातही देवळे निदान एकमेकांपासून वेगळी असतात. कोकणातले देऊळ उतरत्या कौलांचे, देशावरचे दगडी, एखाद्या धनगरवाड्यावरचे नुसत्या चार दगडांचे. शाळेचे मात्र तसे नाही. ती सगळीकडे एकच. दोन खोल्या, पुढे हातभर व्हरांडा, एका भिंतीवर भारताचा नकाशा आणि दुसरीवर सुविचार. आमच्याच सातारा जिल्ह्यात माणदेशात वर्षाकाठी वीसएक इंच पाऊस पडतो, आणि आमच्या पाटण तालुक्याच्या पश्चिमेला कोयनानगरला दोनशे इंचांच्या आसपास. पण शाळेला बिचारीला याची खबरच नसते. तिचा नकाशा ज्या टेबलावर काढला गेला, त्या टेबलावर पाऊस पडत नाही!

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. स्थापत्यशास्त्राशी माझा संबंध म्हणाल तर गळक्या छपराखाली तास घेण्यापुरता. तरीही या विषयावर लिहायला बसलो आहे, कारण त्याची सुरुवात माझ्या डोक्यात एका शब्दापासून झाली आणि शब्द हा तर आमचा धंदाच.

‘शाळा’ हा शब्द घ्या. संस्कृतातील ‘शाला’ म्हणजे घर, दालन, डोक्यावर छप्पर असलेली जागा. त्याच्यामागे जो शब्द जोडावा त्याची ती शाळा होते. गोशाळा, अश्वशाळा, पाकशाळा, धर्मशाळा. गंमत अशी की या प्रत्येक शब्दात आधी राहणारा येतो आणि मग इमारत येते. गोशाळेत आधी गाय आहे. तिला किती जागा लागते, तिचे मूत्र कोठून वाहून जाईल, गव्हाण किती उंच हवी, हे ठरले की मग खांब रोवायचे. पाकशाळेत आधी चूल, आणि धुराला वाट. मुलांच्या शाळेचे नावही पूर्वी ‘पाठशाळा’ होते. बोलता बोलता त्यातला पहिला शब्द गळून पडला आणि नुसती ‘शाळा’ उरली. मला कधी कधी वाटते, त्या शब्दाबरोबर ‘कोणासाठी?’ हा प्रश्नही गळून पडला असावा.

हा प्रश्न विचारायला पाटणसारखी दुसरी जागा नाही. केरा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर आमचे गाव. येथून पश्चिमेकडे निघाले की रस्ता कोयनेच्या काठाकाठाने हेळवाकपर्यंत जातो, पुढे घाट उतरून कोकणात. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे डोंगर उभे आहेत, त्यांच्या माथ्यांवरही माणसे राहतात. ते गवळी धनगर. पिढ्यान् पिढ्या म्हशी पाळाव्या, दूधतूप खाली आणून विकावे, थोडी नाचणी पिकवावी, असा त्यांचा संसार. सरकारी यादीत ते अनुसूचित जमातींत नाहीत, भटक्या जमातींत आहेत. आदिवासींसाठी घटनेच्या पाचव्या अनुसूचीत जी क्षेत्रे घोषित आहेत, त्यांतही सातारा जिल्हा येत नाही. पण यादी काही म्हणो, या डोंगरांचे जुने रहिवासी कोण, असे विचारले तर खालच्या गावातील माणूस वरच बोट दाखवतो.

या माणसांचे घर पाहण्यासारखे असते. शहरातील पाहुण्याला ते झोपडे वाटेल. पण जरा थांबून प्रत्येक भागाचे नाव विचारावे. कारवीच्या काठ्यांचा विणलेला आणि शेणमातीने लिंपलेला तो कूड. वर आढे, त्यावरून उतरणारे वासे, आणि जमिनीकडे खूप खाली आलेली गवताची पाखी. पाखी खाली का, तर पावसाचे सपकारे भिंतीला लागू नयेत. घर माथ्याच्या अगदी टोकावर नाही. टेकाडाच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ देऊन. आणि दाराला लागून पडवी. ही पडवी म्हणजे घराचा सर्वांत कामाचा भाग. ओली घोंगडी तेथे टांगायची, इरली तेथे ठेवायची, सरपण तेथे रचायचे, चिखलाचे पाय तेथे धुवायचे. बाहेर आणि आत यांच्यामध्ये जो एक टप्पा लागतो, तो म्हणजे पडवी. एवढ्या पावसात ती नसेल तर बाहेरचे सगळे आत येते.

आता या वस्त्यांवरच्या शाळेकडे वळू. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना घेऊन अशा काही वाड्यांवर मला जावे लागते. एका वाडीवर शाळेची पक्की खोली होती. सिमेंटची, रंगवलेली, वर सपाट स्लॅब. दरवाजा थेट पश्चिमेला. शिक्षक उत्साही तरुण होते. ते म्हणाले, “सर, जून ते सप्टेंबर आम्ही सगळे त्या मागच्या कोपऱ्यात बसतो. बाकी खोली पावसाची.” दप्तरे ओली, कपडे ओले, छत्र्या आणि प्लास्टिकच्या खोळी खोलीतच, त्यांचे पाणी फरशीवर, आणि त्या ओल्या फरशीवर पहिली ते चौथीची मुले. दोन मुले आजारी पडली की आईबाप म्हणतात, पाऊस उघडेपर्यंत राहू दे घरी. चार महिने घरी राहिलेले मूल दिवाळीनंतर परत येतेच असे नाही. ते म्हशींमागे लागते. खोली पश्चिमेला तोंड करून बांधली, एवढ्या कारणाने एखाद्या मुलाचे शिक्षण तुटू शकते, हे मला तेथे जाईपर्यंत कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

वाडीतील एक आजी दारात उभ्या होत्या. त्यांना मी सहज विचारले, “काय आजी, शाळा कशी आहे?” त्या म्हणाल्या, “साळा ब्येस हाय, मास्तर. पर तिचं त्वांड वाऱ्याकडं केलंय. आमी म्हसरांचा गोठाबी आसा बांदत न्हाय.”

“मग बांधताना सांगितले नाही कोणी?”

“इचारलं कुनी?”

वाचकहो, या दोन शब्दांत सगळा विषय आला. त्या वाडीतील प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने घर उभे केलेले आहे. वारा कोणत्या महिन्यात कोठून येतो, कोणत्या चढावर जमीन पाझरते, कोणता ओढा दुपारनंतर ओलांडता येत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. गाडी जेथपर्यंत सिमेंट आणू शकते ती जागा शाळेसाठी निवडली गेली. ती ओढ्याच्या अलीकडे. निम्मी मुले पलीकडची.

ज्यांच्यासाठी शाळा काढायची त्यांना आधी विचारावे, त्यांच्या घराकडे आधी पाहावे, ही काही परदेशातून आणायची कल्पना नाही. महाराष्ट्रात ती पाऊणशे वर्षांपूर्वी दोन स्त्रियांनी करून दाखवली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. बालवाडी उघडली, पण वस्तीतील गरिबांची मुले काही तेथे येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ जन्माला आली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज आसामात आणि केरळातही तो ऐकू येतो. भिंती नसलेल्या इमारतीचे हे मराठी नाव आहे!

पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले. तेथे पाहिले तर थोरली मुले गुरे राखायला रानात जात. मग गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली, तिचे नाव कुरणशाळा. मुली शाळेत का येत नाहीत, तर कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरली वर्गात बसू लागली. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटले. स्थापत्यविशारद जिला ‘आराखडा’ म्हणतात ती गोष्ट येथे कागदावर उमटण्याआधी एका वारली मुलीच्या कडेवरून सुरू झाली. हे ध्यानात घेतले की शाळेची इमारत म्हणजे विटा-सिमेंटचा हिशेब नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही.

आमच्या भागाचा वारसाही कमी नाही. पाटणहून कराड जवळच, आणि कराड तालुक्यातील काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेने पुढे खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. इमारतीसाठी त्या अडून राहिल्या नाहीत. देवळात, चावडीत, धर्मशाळेत, जेथे गाव आधीच जमत होते तेथे शाळा बसली. स्वातंत्र्यानंतर श्रमदानाची लाट आली. गावोगावच्या लोकांनी दगड वाहिले, वाळू आणली, भिंती रचल्या. त्या पिढीचे उपकार मोठे आहेत. परंतु हळूहळू असे झाले की नकाशा वरून येऊ लागला आणि गावाकडून फक्त हात मागितले जाऊ लागले. आपण श्रमदान घेतले, विचारदान घेतले नाही. आता तर ठेकेदार आल्यापासून हातही मागायचे राहिले.

एवढे वाचून कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, जुने ते सगळे सोने असे तुमचे म्हणणे दिसते. तसे म्हणण्याची सोय निदान पाटण तालुक्यात तरी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. माती-दगडाच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भिंतीही पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानेच बांधलेल्या होत्या. पण या भूमीत असा भूकंप होईल, हे त्या अनुभवाला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तोवर शास्त्रालाही फारसे नव्हते. भूकंपानंतर हा प्रदेश तीव्र धोक्याच्या पट्ट्यात गणला गेला. म्हणून येथील शाळेला इंजिनियर हवाच. भिंतींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे हवेत, कोपरे सांधलेले हवेत. दगड कसा बांधावा हे इंजिनियरने सांगावे आणि दार कोठे ठेवावे हे आजींनी. दोघांनी एका ओट्यावर बसावे, एवढेच माझे मागणे.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. त्याच वाडीवर आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने मोठ्या भक्तिभावाने सुचवले, की येथे कारवीच्या कुडाची, गवती छपराची शाळा बांधली तर किती शोभून दिसेल! एक बाप फाडकन् म्हणाला, “तुमच्या पोरास्नी स्लॅब आन् आमच्या पोरास्नी कूड व्हय?” मुलगा गोरामोरा झाला. त्या बापाचे चुकले असे मला वाटत नाही. ज्याला जन्मभर कुडात राहावे लागले, त्याला पक्क्या भिंतीत मानमरातब दिसतो. शिवाय हा सगळा डोंगरपट्टा १९८५ पासून कोयना अभयारण्याशी आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाशी निगडित झाला आहे. जंगलातली कारवीची काठी आता पूर्वीसारखी तोडून आणता येत नाही. तेव्हा ‘त्यांची परंपरा’ आपण आपल्या हौसेने त्यांच्यावर लादायची, हेही न विचारण्याचेच दुसरे रूप होय.

नेमका असाच पेच आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात पडला होता. गांडो नावाच्या खेड्यातील एक मुलगा, फ्रान्सिस केरे, गावात शाळा नाही म्हणून सातव्या वर्षी घर सोडून शिकायला गेला. पुढे बर्लिनला स्थापत्य शिकला आणि गावासाठी शाळा बांधायला निघाला. मातीची शाळा म्हणताच गावाने नाके मुरडली. माती पावसात टिकत नाही, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. केरे यांनी आपला हट्ट चालवला नाही. मातीत थोडे सिमेंट घालून दाबलेल्या विटा केल्या आणि त्या टिकतात हे लोकांसमोर सिद्ध केले. पत्र्याचे छप्पर भिंतींच्या बरेच वर उचलले, म्हणजे आतली गरम हवा निघून जाईल. गावाने दगड वाहिले, जमीन चोपली. २००१ साली शाळा पुरी झाली, २००४ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली केरे यांना स्थापत्यातील सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार लाभला. गावाने मातीही स्वीकारली ती स्वतः पारखून घेतल्यावर.

आपल्याकडे नर्मदाकाठी, नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरांत, भिल्ल आणि पावरा लोकांनी १९९० नंतरच्या वर्षांत जीवनशाळा उभ्या केल्या. लाकूड, बांबू आणि कौले, आणि बांधणारे हात मुलांच्या आईबापांचे. धरणाचे पाणी चढले तेव्हा काही शाळा बुडाल्या. लोकांनी त्या वर सरकवून पुन्हा बांधल्या. आपल्या हाताने बांधलेली शाळा माणूस पाण्यात सोडून देत नाही. कंत्राटाने आलेल्या शाळेचे एक कौल फुटले तर मात्र अर्ज जातो, आणि कौल पुढच्या पावसाळ्यापर्यंत फुटकेच राहते.

आता आमच्या वाडीवर पुढे काय झाले ते सांगतो. विचारायचे म्हणजे कसे, हा प्रश्न होताच. कागदावरचा नकाशा वाचणे हे इंग्रजी वाचण्याइतकेच परके असते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातील सीबर्ड आयलंड येथे तेथील मूळ रहिवाशांसाठी १९९१ च्या सुमारास शाळा झाली, तेव्हा बांधकाम समजावण्यासाठी स्थापत्यविशारदांनी लाकडी सांगाड्याची प्रतिकृती केली होती, असे मी वाचले होते. आमच्या मुलांनी तोच धडा गिरवला. ओली माती, काटक्या आणि वहीचे पुठ्ठे घेऊन त्यांनी ओट्यावर शाळा मांडली, आणि म्हणाले, “आता तुम्ही हलवा.” आधी कोणी हात लावीना. मग एका आजोबांनी अख्खी शाळाच उचलून टेकाडाच्या आडोशाला ठेवली. बायांनी दार पूर्वेकडे वळवले. कोणी म्हणाले, चौथरा हातभर उंच हवा. शाळेतल्या मुलींनी सांगितले, शौचालय मागे नको, तिकडे झाडी आहे, भीती वाटते. आणि पडवी! ती तर सर्वांनीच मागितली. खुंट्या असलेली, एका कोपऱ्यात शेगडी ठेवण्यापुरती जागा असलेली.

एका गोष्टीवरून मात्र वाद झाला. खिडकी खाली असावी, बसल्या जागेवरून चरणाऱ्या म्हशी दिसाव्यात, असे आजोबांचे म्हणणे. शिक्षक म्हणाले, “अहो आजोबा, मग पोरांचे लक्ष पुस्तकात राहील काय?” आजोबा हसले. “म्हसरं दिसत न्हाईत तवा पोराचं चित्त म्हसरामागं फिरतं. दिसली म्हंजे त्ये गप लिवतं.” बालमानसशास्त्राचे जाड ग्रंथ मी वाचलेले नाहीत, पण आजोबांचा युक्तिवाद मला कोणत्याही ग्रंथात शोभेलसा वाटला.

ती मातीची शाळा अर्थात मातीचीच राहिली. नवी इमारत मंजूर करून आणणे प्राध्यापकाच्या हातचे नव्हे. पण वाडीकरांनी खालच्या गावातून चार जुने वासे आणि थोडे पत्रे आणून त्याच सिमेंटच्या खोलीला पश्चिमेकडून एक पडवी जोडली. तिचे तोंड बाजूला ठेवले. पुढच्या पावसाळ्यात शिक्षकांचा निरोप आला, की मुले आता पूर्ण खोलीत बसतात.

कायदा याच्या आड येत नाही, उलट सोबत आहे. मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी शाळांना शाळा व्यवस्थापन समिती असते; तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचेच काम. इमारत कशी हवी, तर कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे, सर्व ऋतूंत उपयोगी पडेल अशी. आता पाटणच्या माथ्यावरचे सर्व ऋतू कोणाला ठाऊक, कचेरीतील टेबलाला की त्या आजींना? समितीची सभा सह्या घेण्यापुरती न भरता ओट्यावर मातीचा गोळा ठेवून भरली, तर कायद्याचे हे शब्द खरे होतील.

दिवाळीच्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे दानधर्माचा विचार करतात. कोणी मूळ गावच्या शाळेला खोली बांधून देते, कोणी आईवडिलांच्या नावाची पाटी लावते. ही चांगली चाल आहे. ती मोडू नये. फक्त चेक फाडण्यापूर्वी एक पत्र पाठवावे, आणि रुपये किती लागतील याच्या आधी एवढेच विचारावे: दार कोणीकडे ठेवायचे, हे तेथल्या आयांना विचारले आहे ना? उत्तर ‘हो’ आले तर पाटीवर नाव खुशाल घाला. ‘नाही’ आले तर थोडे थांबा. पावसाळ्याला अजून आठ महिने आहेत. विचारायला तेवढे पुरतात.